सहाव्या दिवशी गोळी बंद करावीशी वाटते तेव्हा

नाशिकच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. वय ३२, ऑफिसची नोकरी. वर्षभर चिंतेचा त्रास आहे. रात्री छातीत धडधड, मीटिंगच्या आधी पोटात गोळा, काहीतरी वाईट घडणार ही धास्ती सतत मनात. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल आलं. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅम सुरू केलं आणि आठवड्याने १० करायला सांगितलं. आज सहावा दिवस. मळमळतंय, जेवण जात नाही, हात थरथरतात, पहाटे चारला जाग येते आणि मग धडधड सुरू होते, तीही आधीपेक्षा जास्त. सासूबाई म्हणतात ही झोपेची गोळी आहे, सवय लागेल. नवरा म्हणतो, त्रास कमी व्हावा म्हणून घेतलीस आणि वाढलाच की. ताईंचा प्रश्न असा: ही गोळी मला सूट होत नाहीये का? बंद करू का?

मी सांगलीत गेली २४ वर्षं मानसोपचाराची प्रॅक्टिस करतोय. हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकायला मिळतो, आणि बहुतेक वेळा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुम्ही विचारलंय गोळी सूट होते की नाही. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. न्यूमोनियाच्या माणसाला अँटिबायोटिकने जुलाब झाले तर त्याला लगेच कळतं की खोकला आजाराचा आणि जुलाब गोळीचे. चिंतेच्या आजारात हा फरकच करता येत नाही. धडधड, थरथर, मळमळ, झोपमोड ही आजाराची लक्षणं, आणि एस्सिटालोप्रामसारख्या औषधांचे पहिल्या दोन आठवड्यांतले त्रासही नेमके हेच. त्यात चिंतेचा आजार असलेला माणूस शरीरातल्या बारीकसारीक बदलांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून असतो. दुसऱ्याला जाणवणारही नाही अशी धडधड त्याला कानात ऐकू येते. त्यामुळे तो म्हणतो, आजार वाढला. घरचे म्हणतात, गोळीने बिघडवलं.

मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे बंद करा किंवा चालू ठेवा असा हुकूम मी इथून देणार नाही. तुम्ही आणखी कोणती औषधं घेता, दिवस राहिले आहेत का, घरात कुणाला बायपोलर आजार (कधी खोल उदासी, कधी अति उत्साह) आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते सहाव्या दिवसाचं अगदी ओळखीचं चित्र आहे. गोळी सूट होत नाही असा निष्कर्ष काढायला सहा दिवस फार कमी आहेत.

असं का होतं ते सांगतो, कारण कारण कळलं की निम्मी भीती जाते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि काम झालं की परत ओढून घेतात. ही गोळी ते परत ओढणं कमी करते, आणि हे काम पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होतं. पण बरं वाटणं काही तासांत सुरू होत नाही. सेरोटोनिन वाढलं की पेशींवरचे काही ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा) ब्रेक लावतात, आणि ते ब्रेक सैल पडायला साधारण दोन ते तीन आठवडे जातात. मधल्या काळात यंत्रणेचा तोल बदलत असतो. रसायन वाढलेलं, पण त्याचा उपयोग अजून नीट होत नाही. तुमची आत्ताची अस्वस्थता याच मधल्या काळातली आहे.

मळमळीचं कारण आणखी सरळ आहे. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असतं. गोळी मनासाठी घेतली तरी ती आधी पोटाला कळते. आपल्याकडे याला लगेच 'पित्त झालं' किंवा 'औषध उष्ण पडलं' म्हणतात आणि मेडिकलमधून ॲसिडिटीची कॅप्सूल आणतात. इथे थांबा. त्या कॅप्सूलमध्ये ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल असेल, तर यकृतात एस्सिटालोप्राम मोडण्याचा वेग मंदावतो आणि रक्तातली त्याची पातळी दीडपटीपर्यंत जाऊ शकते. म्हणजे गोळीचा त्रास कमी करायला घेतलेली कॅप्सूल गोळीचाच डोस वाढवते. पेशंट शपथेवर सांगतो की मी फक्त ५ मिलिग्रॅम घेतोय, आणि तो खरंच बोलत असतो. त्यामुळे ॲसिडिटीचं काहीही घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना नाव सांगा. आधीपासून घेत असाल तरी सांगा.

आता काळाचा अंदाज. माझ्या अनुभवात मळमळ पहिल्या तीनचार दिवसांत सगळ्यात जास्त असते आणि दुसरा आठवडा संपेपर्यंत बहुतेकांची जाते. थरथर, घाम, सारख्या जांभया, दातांवर दात आवळले जाणं, विचित्र आणि ठसठशीत स्वप्नं, हेही हळूहळू ओसरतं. पहाटेची जाग मात्र चिवट असते, ती तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळू शकते. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायद्याला सहा ते आठ, कधी बारा. थोडक्यात, आधी पैसे मोजावे लागतात आणि माल मागून येतो. हे ओपीडीत पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं पाहिजे. गर्दीत ते राहून जातं आणि पेशंट घरी एकटाच घाबरतो. हा आम्हा डॉक्टरांचा दोष आहे.

तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. चाळिशीचा माणूस, छाटणीचे दिवस, हाताला कात्रीचे घट्टे. नवव्या दिवशी आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टर, ही गोळी मला बाधली." मी स्ट्रिप मागितली. खिशातून काढली तेव्हा ती घामाने ओलसर झाली होती. दहातल्या चार गोळ्या गेलेल्या, सहा तशाच. नऊ दिवसांत चार. विचारलं तर म्हणाला, ज्या दिवशी जास्त त्रास झाला त्या दिवशी घेतली नाही, बरं वाटलं की परत घेतली. म्हणजे दर दोन दिवसांनी त्याच्या शरीराला सुरुवातीपासून सुरुवात करावी लागत होती. सवय व्हायला लागणारे ते दोन आठवडे पुरे कधी होतच नव्हते, आणि त्रास मात्र रोज नवा होता.

त्याला मी ५ ची अर्धी गोळी रोज, नाश्त्यानंतर, सहा दिवस घ्यायला सांगितली, मग पूर्ण. स्ट्रिप बायकोच्या ताब्यात दिली, तिने ती मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवली. दहाव्या दिवशी फोनवर तो वैतागलेलाच होता. पाचव्या आठवड्यात आला तेव्हा म्हणाला, "परवा रात्री ढग गडगडले. उठलो, बाहेर जाऊन आभाळ बघितलं, आत आलो आणि झोपलो." द्राक्षवाल्यासाठी अवकाळीच्या रात्री परत झोप लागणं ही किती मोठी गोष्ट आहे ते आमच्या भागात कुणालाही विचारा. सुधारणा बहुतेक वेळा अशीच येते. चिंता एका दिवसात गेली असं कुणीच सांगत नाही. फोन वाजला आणि दचकले नाही, लिफ्टमधून गेले आणि वर पोचल्यावर लक्षात आलं, असं काहीतरी कानावर येतं.

यातून तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही: चालू आणि बंद, एवढे दोनच रस्ते नाहीत. मधला रस्ता आहे वेग कमी करण्याचा. ज्यांना पॅनिकचा, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांचा, त्रास आहे किंवा जे औषधांना फार संवेदनशील आहेत, त्यांना मी मुद्दाम २.५ पासून सुरू करतो. उद्या तुम्हाला १० वर जायचंय. त्रास आत्ता आहे तेवढाच असेल तर ५ वर आणखी आठवडाभर थांबता येईल का, किंवा काही दिवस २.५ वर उतरून परत चढता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आठवड्याने डोस वाढवणं ही साधारण पद्धत आहे, ती कुणाच्या जिवापेक्षा मोठी नाही. आठवडा उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. मनानेच बंद केली तर मात्र पुढच्या वेळी तीच गोळी हातात घेताना भीती दुप्पट असते.

रोजच्या त्रासाचं काय करायचं ते सांगतो. गोळी रिकाम्या पोटी कधीही घेऊ नका, सकाळच्या नुसत्या चहावर तर नाहीच. झोप उडत असेल तर ती सकाळी नाश्त्यानंतर घ्यावी, दिवसा गुंगी येत असेल तर रात्री जेवणानंतर. या गोळीचा परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो, म्हणून काही तास पुढेमागे झाल्याने फरक पडत नाही, पण बदल करताना एकाच दिवसात दोन गोळ्या जाऊ देऊ नका. विसरलात तरी दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. ताट भरून जेवायचा आग्रह आठवडाभर सोडा. मऊ भात, ताक, भाकरीचा तुकडा, केळं असं थोडं थोडं चारपाच वेळा खा. आल्याचा तुकडा चघळून अनेकांना बरं वाटतं. चहा-कॉफी दुपारनंतर पूर्ण बंद. तुम्ही ऑफिसात दिवसाला पाच चहा घेत असाल तर निम्मी थरथर त्याची असू शकते. दारू या काळात नको.

डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, ती एस्सिटालोप्रामबरोबर घेतली तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. ट्रामाडॉल असलेली वेदनाशामकं आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची औषधंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, कारण तीही सेरोटोनिन वाढवतात. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की पहिल्यांदा ही स्ट्रिप दाखवा. मानसोपचाराची गोळी आहे म्हणून लपवू नका.

पहाटे चारच्या जागेबद्दल. त्या वेळी शरीरातलं कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन तसंही वाढायला लागलेलं असतं, त्यामुळे धडधड जास्त जाणवते. मोबाइल हातात घेऊन दुष्परिणामांची यादी वाचायची ही वेळ नाही. उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, श्वास आत घ्यायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला द्या. दहा मिनिटं तेवढंच करा. झोप नाही लागली तरी चालेल. धडधड कधी थांबते याची वाट पाहू नका, वाट पाहिली की ती लांबते.

सासूबाईंच्या शंकेला उत्तर दिलंच पाहिजे, कारण ती हवेतून आलेली नाही. एस्सिटालोप्राम ही झोपेची गोळी नाही. तिची तलफ येत नाही, दर महिन्याला डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात आणि त्या सर्रास लिहिल्या जातात. क्लोनाझेपामने लगेच बरं वाटतं, झोप लागते, आणि त्याची मात्र सवय लागते. वर्षानुवर्षं तीच जोडगोळी घेणारे आणि सोडता न येणारे पेशंट मी रोज पाहतो. घराघरातल्या बायकांनी शेजारीपाजारी हेच पाहिलेलं असतं. तुमच्या स्ट्रिपवर दोन नावं आहेत का ते आज बघा. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस पार पडावेत म्हणून मीही काही जणांना क्लोनाझेपाम ०.२५ देतो, पण वेगळी गोळी म्हणून, बंद करायची तारीख कागदावर लिहून. एकत्र गोळी मला पटत नाही, कारण एक सोडायची आणि दुसरी ठेवायची सोय तिच्यात नसते. कुणी महिनोन्‌महिने ती घेत असेल तर हे वाचून अचानक बंद करू नये. क्लोनाझेपाम एकदम तोडल्याने फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

काही गोष्टी मात्र सहन करत बसायच्या नाहीत, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायच्या. जीव नकोसा होणं, स्वतःला इजा करण्याचे विचार येणं किंवा असलेले वाढणं ही पहिली. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २००४ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी याबद्दल ठळक इशारा दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. तुमचं वय पुढचं आहे, तरी पहिले काही आठवडे घरातल्या एकाला हे माहीत असलेलं बरं. दुसरी आहे एक विशिष्ट तगमग. साध्या चिंतेत मन अस्वस्थ असतं पण माणूस खुर्चीत बसू शकतो. या तगमगीत पाय थांबत नाहीत, पाच मिनिटं बसवत नाही, आतून कुणीतरी ढवळतंय असं वाटतं. ती ओळखून डोस कमी करावा लागतो किंवा औषध बदलावं लागतं, ती सोसू नये.

तिसरी खूण आनंदाची वाटते म्हणून फसवते. दोनतीन तास झोपूनही ताजंतवानं वाटणं, बोलणं न थांबणं, भराभर खर्च, मोठमोठे बेत. घरच्यांना वाटतं गुण आला, पण तो बायपोलर आजार उघडा पडल्याचा इशारा असू शकतो. ताप, स्नायूंना झटके, घाम, जुलाब आणि बोलण्यात गोंधळ असं एकत्र दिसलं तर थेट हॉस्पिटल. चक्कर येऊन पडणं, अंगावर पुरळ, काळी शी, हेही थांबण्यासारखं नाही. घरात कुणी सत्तरीतलं माणूस ही गोळी घेत असेल, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, आणि ते असंबद्ध बोलू लागलं किंवा तोल जाऊ लागला, तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या.

आणखी एक त्रास कुणी विचारत नाही. पेशंट तपासणी संपवून उठतात, दाराच्या मुठीवर हात ठेवतात आणि मग हळूच म्हणतात, "डॉक्टर, अजून एक होतं." कामेच्छा कमी होणं, किंवा संबंधात तृप्तीला फार वेळ लागणं अथवा ती न मिळणं, हे पुरुषांना आणि बायकांना दोघांनाही होतं. हा त्रास मळमळीसारखा दोन आठवड्यांत जाईलच असं नाही, गोळी चालू असेपर्यंत राहू शकतो. डोस कमी करणं, औषध बदलणं असे उपाय असतात, पण सांगितलंत तरच. लाजेने गुपचूप गोळी सोडणारे मी खूप पाहिलेत आणि सहा महिन्यांनी आजार परतल्यावरच खरं कारण कळलंय. तसंच मूल होण्याचा विचार असेल तर आत्ताच बोला. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून त्या रात्री गोळी फेकून देऊ नका, त्याचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून घेतात.

पुढचंही सांगून ठेवतो. बरं वाटल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवावी लागते आणि मग काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करतात. एकदम सोडली तर गरगरणं, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. त्यालाच लोक सवय लागली म्हणतात. गोळीबरोबर समुपदेशन, विशेषतः विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी सीबीटी, मिळत असेल तर जरूर घ्या. गोळी धडधड खाली आणते, पण मीटिंगला जायचं धैर्य सरावानेच येतं.

आज एक साधी वही घ्या. रोज तीन नोंदी करा: गोळी किती वाजता घेतली, त्रास दहापैकी किती, आणि आज मी काय करू शकले. तिसरी नोंद चुकवू नका. "अर्धी पोळी गेली", "मुलाला शाळेत सोडलं" एवढंही चालेल. त्रासाचा आकडा आठवडाभर जागेवरून हलत नाही आणि ही यादी मात्र लांबत जाते, असं अनेकदा दिसतं, आणि ते नवऱ्याला वही उघडून दाखवता येतं.

आणि उद्या डोस वाढवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा किंवा मेसेज टाका. असा: "सहा दिवस झाले, ५ मिलिग्रॅम रोज नाश्त्यानंतर घेतेय, एकही चुकलेली नाही. मळमळ दहापैकी अमुक, थरथर अमुक, पहाटे चारला जाग येते. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार नाहीत. बाकी ही ही औषधं चालू आहेत. उद्या १० करू की आणखी आठवडा ५ वरच राहू?" यातलं नाश्त्याचं किंवा विचारांचं वाक्य तुमच्या बाबतीत खरं नसेल तर जे खरं आहे ते लिहा. एवढी माहिती हातात असली की दोन मिनिटांत निर्णय देता येतो. डॉक्टर लागलेच नाहीत आणि रात्री फार घाबरायला झालं, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा.